रांजणातला समुद्र

अकरा वर्षांची होईपर्यंत शकूची समजूत होती की कॉलेजातल्या बरणीतली ती काळपट, खडबडीत वस्तू म्हणजे हडपसरच्या विहिरीजवळच्या झाडाचं फळ आहे.

पाच वर्षांची असताना तिला हडपसरहून पुण्यात चुलत्याकडे आणलं. चुलते दत्तोबा एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. त्यांना एक मूल झालं होतं, ते गेलं, आणि त्यानंतर त्यांची बायको कुणाशी धड बोलेनाशी झाली होती. थोरल्या भावाला, गेनबाला, जुळ्या मुली होत्या, मैना आणि शकू. भावाभावांत बोलणं झालं आणि एक मुलगी दत्तोबाची झाली. ती शकू.

शाळा सुटली की शकू प्रयोगशाळेत जायची. दत्तोबा काचसामान धूत असायचे आणि ती खिडकीखालच्या बाकावर आडवी व्हायची. वर फळीवर बरण्यांची रांग होती. त्यातल्या शेवटच्या बरणीत ती वस्तू होती, वीतभर लांब, अंगभर बारीक बोंडं आलेली. हडपसरच्या घरातलं शकूला फारसं काही आठवत नसे, पण विहिरीजवळचं झाड लख्ख आठवे. सरळ खोड, मजल्यामजल्याने निघालेल्या आडव्या फांद्या आणि हाताला टोचणारी, खवल्यांसारखी पानं. कॅम्पातल्या कुणा साहेबाने बंगला सोडला तेव्हा तिथल्या माळ्याने ते कुंडीसकट गेनबाला दिलं होतं. पुस्तकात त्याला अरोकेरिया म्हणतात, लोक म्हणतात ख्रिसमसचं झाड. बरणीतल्या वस्तूची कातडी त्या झाडासारखीच टोचरी दिसायची. दोन्ही एकमेकांची असणार, असं त्या मुलीने ठरवून टाकलं.

दुपारच्या त्या झोपेत तिला एक स्वप्न पडू लागलं. झाड पाण्यात उभं आहे. फांद्यांचे मजले संथपणे वरखाली होताहेत आणि त्यांच्यावरून ती काळी फळं सरकताहेत, इतक्या सावकाश की सरकताना दिसत नाहीत, फक्त जागा बदललेली कळते. त्यात भिण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तिने ते कुणाला सांगितलं नाही. पुढे मोठी झाल्यावरही ते पडत राहिलं, जसंच्या तसं.

अकराव्या वर्षी तिने बरणीवरची चिठ्ठी नीट वाचली आणि एका सरांना विचारलं. ती समुद्रकाकडी आहे, सरांनी सांगितलं, काकडी नव्हे, प्राणी. समुद्राच्या तळाशी राहतो, वाळू खातो, त्याला डोळे नाहीत, मेंदू नाही. शकू दोन दिवस प्रयोगशाळेत गेली नाही. जुन्या घरातली एकच खूण तिच्यापाशी होती, ती परक्या कुणाची तरी निघाली.

पण तो प्राणी तिच्या मनातून गेला नाही. ती त्याच कॉलेजात शिकली आणि त्याच प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागली. दत्तोबा निवृत्त झाले तेव्हा तिने कोथरूडला दोन खोल्यांचा ब्लॉक घेतला आणि दोघांना तिथे नेलं. आधी काकी गेली, जिला ती आई म्हणायची. मग चौऱ्याऐंशी साली दत्तोबाही गेले. शकूने लग्न केलं नव्हतं. ब्लॉकमध्ये ती एकटी उरली. सदतिसाव्या वर्षी तिने पीएच.डी.साठी नाव घातलं. विषय होता रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावरची काळी समुद्रकाकडी.

मैना हडपसरलाच राहिली. चौथीपर्यंत शिकली, मांजरी गावच्या संपतशी तिचं लग्न झालं, आणि गेनबाला मुलगा नसल्यामुळे गेनबा गेल्यावर नवराबायको आईपाशी येऊन राहिली. संपत कारखान्यात पाळीला जायचा. मैनेने विहिरीभोवतीच्या अर्ध्या एकरात रोपांची नर्सरी काढली. बहिणी वर्षातून दोनदा भेटत, दिवाळीला आणि कुठल्यातरी लग्नाला. दोघींचे चेहरे सारखे होते, त्यामुळे समोरासमोर बसल्या की काय बोलावं ते दोघींना सुचत नसे.

शहाऐंशीच्या मे महिन्यात शकूने रत्नागिरीहून चार जिवंत समुद्रकाकड्या आणल्या. झाकणाच्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये समुद्राचं पाणी, त्यात त्या, आणि एसटीत मांडीवर ओला टॉवेल. स्वारगेटला उतरून ती थेट कॉलेजात गेली, तर प्रयोगशाळेला रंग देणं चाललं होतं. सगळीकडे टर्पेंटाइनचा वास होता. त्या वासात प्राणी दोन दिवसही टिकले नसते. ब्लॉकवर नेले असते, तर मे महिन्यात गच्चीखालची ती खोली भट्टीसारखी तापायची. शकू व्हरांड्यात कॅनवर बसून राहिली आणि थोड्या वेळाने उठून हडपसरची बस धरली.

मैनेने फार प्रश्न विचारले नाहीत. विहिरीजवळच्या त्या झाडाखाली मातीचा मोठा रांजण अर्धा जमिनीत पुरलेला होता, त्यात ती कलमं भिजवायची. तो तिने घासून दिला. शकूने तळाशी वाळू पसरली, समुद्राचं पाणी ओतलं, कमी पडलं तेवढं विहिरीच्या पाण्यात मीठ मोजून घालून तयार केलं. विहिरीच्या मोटरघरातून वायर ओढून बुडबुडे सोडणारा छोटा पंप लावला. चारही जीव तळाशी जाऊन पडले, काळ्या वांग्यांसारखे. मैना वाकून बघत होती. खारं पाणी मुळाशी सांडू देऊ नकोस, एवढंच तिने बजावलं.

तेव्हापासून शकू सुट्टीतली रोजची दुपार तिथे काढू लागली. पाण्याचं तापमान मोजायचं, मिठाचं प्रमाण बघायचं, वहीत लिहायचं. वीज जायची तेव्हा पंप थांबायचा. मग मैना लोट्याने रांजणातलंच पाणी काढून उंचावरून परत रांजणात ओतायची, म्हणजे त्यात हवा मिसळावी. कुणी न सांगता तिने हे शोधून काढलं होतं. अर्धा अर्धा तास ती ते करत राहायची. दुपारच्या उन्हाचे तुकडे फांद्यांतून गळून पाण्यावर हलत आणि शकूला कधीकधी कळेनासं व्हायचं की आपण जागेपणी हे बघतोय की बाकावर झोपलोय.

एकदा मैना म्हणाली की हे जनावर गांडुळाच्या जातीचं दिसतंय, माती खातंय आणि माती टाकतंय. जात वेगळी, पण काम तेच, असं शकूने सांगितलं. त्यावरून मैना झाडाबद्दल बोलली. तिथून दोघींना तो नाद लागला. शकूने वहीच्या मागच्या पानावर उभी रेघ मारली. डावीकडे जनावर, उजवीकडे झाड. डावीकडचं शकू लिहायची, उजवीकडचं मैना सांगायची.

जनावराला डोळे नाहीत, असं शकूने लिहिलं. मैनेने सांगितलं की झाडाला दिसतं, नाहीतर ते दक्षिणेला, दिव्याच्या घाटाकडे वाकलं नसतं. खरोखरच झाड किंचित कललेलं होतं आणि गेनबाला ते कधीच सरळ करता आलं नव्हतं. जनावर एका टोकाने खातं आणि दुसऱ्या टोकाने श्वास घेतं, हे ऐकून मैना पदर तोंडाला लावून हसली. झाड सगळ्या अंगाने श्वास घेतं, ती म्हणाली. जनावरावर संकट आलं की ते आतली आतडी बाहेर फेकतं आणि पुन्हा नवी करतं. झाड आतलं काही टाकत नाही, डिंक काढून जखम झाकतं, आणि ती जखम खोडात राहते. तुटलं तर काय होतं, या ओळीपाशी शकू थांबली. ती ओळ दोन्ही बाजूंनी रिकामी राहिली.

मध्ये एक गंमत झाली. कॉलेजच्या ग्रंथालयात शकूला एक जुनं पुस्तक मिळालं. त्यात लिहिलं होतं की या जातीचं अरोकेरिया मूळचं पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावरचं, न्यू कॅलेडोनियाचं. तिथे ही झाडं अगदी किनाऱ्याला उभी असतात, खाऱ्या वाऱ्यात, आणि खालच्या उथळ पाण्यात ज्या समुद्रकाकड्या सापडतात त्यांत ही काळी जातही आहे. शकूने ते पान तीनदा वाचलं. मग बसने हडपसरला आली आणि मैनेला सांगितलं की हे दोघं मूळचे शेजारी आहेत. मैना थोडा वेळ झाडाकडे बघत राहिली. नंतर तिने रांजणाभोवतीचा चिखलाचा वरंबा, जो खारं पाणी अडवायला केला होता, तो फावड्याने मोडून टाकला.

त्या दिवशी शकूने आपलं स्वप्न पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. मैनेने शांतपणे ऐकून घेतलं. तिने समुद्र पाहिलेला नव्हता. ती म्हणाली की तिलाही झोपेत पाणी दिसतं, पण ते विहिरीचं असतं आणि त्यात कुणी नसतं.

जून महिन्यात कॉलेज उघडलं. प्रयोगशाळा आता मोकळी होती, पण शकूने प्राणी तिथे हलवले नाहीत. कुणी विचारलं नाही, तिनेही कारण सांगितलं नाही. सुट्टीच्या दिवशी आणि मध्येच एखाद्या दुपारी ती हडपसरला जायची. अशाच एका मंगळवारी तिला कॉलेजच्या ऑफिसात फोन आला. मैना गावातल्या डॉक्टरांच्या दवाखान्यातून बोलत होती. सगळ्यांत मोठं जनावर कंबरेत आवळत चाललंय, ती म्हणाली, दोरा बांधल्यासारखं. तोंडाकडचं अंग एकीकडे पिळतंय, शेपटाकडचं दुसरीकडे. मरतंय बहुतेक.

शकूला माहीत होतं हे काय ते. पुस्तकात वाचलं होतं, पाहिलं कधीच नव्हतं. ती तीन वाजता पोचली. दोघी पालथ्या टोपल्यांवर बसल्या. जनावराचं मधलं अंग सुतळीएवढं झालं होतं. पुढचा भाग एका बाजूला सरकत होता, मागचा त्याच्या उलट, दोन्ही न थांबता आणि न घाई करता. उन्हं उतरू लागली तेव्हा ती सुतळी तुटली. आवाज झाला नाही, रक्त नव्हतं. दोन काळे तुकडे वाळूवर वीतभर अंतराने पडून राहिले.

"दुखलं आसंल का त्याला?" मैनेने विचारलं.

"त्याला मेंदू नाही."

"म्या मेंदूचं इचारलं न्हाई."

शकूने वाकून दोन्ही तुकडे नीट बघितले. मग तिने सांगितलं की हा मेला नाही. याचे आता दोन होतील. पुढच्या अर्ध्याला तोंड आहे पण श्वासाची जागा नाही, मागच्याला श्वास आहे पण तोंड नाही. जे नाही ते ज्याने त्याने उगवायचं. जगले तर दोघंही पुरते होतील. असं सांगता सांगता तिचा आवाज बदलला आणि ज्या गोष्टीचा विषय एकतीस वर्षं कुणी काढला नव्हता तो तिने काढला. तिला पुण्याला नेलं त्या दिवशी तिच्याबरोबर साधं गाठोडंही दिलेलं नव्हतं. अंगावरच्या झग्यावर ती गेली. दुसऱ्या दिवशी काकीने शेजारणीकडून फ्रॉक मागून आणला. लहानपणापासून तिला वाटत आलं होतं की कपडे बांधून देण्याइतकीही ती त्या घराला नको होती.

मैना हे ऐकून चकित झाली. तिच्या मनात इतकी वर्षं अगदी उलटं होतं. शकूला निवडून नेलं, असंच ती समजत होती. शकूला शाळा, बूट, पुस्तकं, आणि आपण मागे.

"मला कुनी ठिवून घेतलं न्हाई," ती म्हणाली. "म्या उरले."

मग ती उठली आणि शकूला नर्सरीच्या मागच्या कोपऱ्यात घेऊन गेली. तिथे सिमेंटच्या कुंडीत एक विचित्र रोप होतं. खोडच नव्हतं. एक फांदी जमिनीलगत आडवी पसरली होती, पंख्यासारखी, सहा-सात फूट लांब, हिरवीगार. अकरा वर्षांपूर्वी मैनेने विहिरीजवळच्या झाडाची खालची फांदी काढून लावली होती. फांदीला मुळं फुटली, ती जगली, वाढली, पण झाड झाली नाही. काठीला बांधून बघितलं, खत घालून बघितलं. ती आडवीच वाढत राहिली. गिऱ्हाइकं बघून हसत. आता मैना ती कुणाला दाखवत नसे आणि टाकूनही देत नसे.

"शेंडा लावला तर झाड हुतंय," ती म्हणाली. "फांदी लावली तर फांदीच ऱ्हाती. कितीबी वर्सं जाऊ दे."

शकू खाली बसली आणि तिने त्या फांदीवरून हात फिरवला. पानं टोचत होती, लहानपणी टोचायची तशीच. अंधार पडायच्या आत तिची बस होती. जाताना तिने वही मैनेपाशी ठेवली. दुसऱ्या वेळी आली तेव्हा रिकाम्या ओळीत उजव्या बाजूला मैनेच्या मोठ्या, चौथीतल्या अक्षरात लिहिलेलं होतं: फांदी विसरत नाही.

पुढचा अर्धा भाग अकराव्या दिवशी मेला. तो वितळल्यासारखा झाला आणि शकूने त्याला चमच्याने काढला. त्याला तोंड होतं, पण ते त्याला वाचवू शकलं नाही. मागचा मात्र जगला. तो काहीच खात नव्हता. वाळूत पडून श्वास घेत राहायचा. हे मैनेला सहन होईना. इतके दिवस उपाशी कोण राहतं, ती रोज विचारायची, आणि शकू रोज सांगायची की हा राहतो. ऑगस्टमध्ये बाकीच्या तिघांपैकी दोन गेले. तिसऱ्याने एका उकाड्याच्या दिवशी आतडी बाहेर टाकली आणि तोही टिकला नाही. रांजणात तो अर्धा एकटा राहिला.

शकूने तिमाही अहवालाबरोबर वहीही मार्गदर्शकांकडे दिली. गोपाळकृष्ण सर अभ्यासू आणि तुटक बोलणारे होते. त्यांनी मागचं पान पाहिलं, तांबड्या शाईने तिरकं 'अप्रस्तुत' असं लिहिलं आणि वही परत करताना म्हणाले, "बाई, आपण प्राणिशास्त्रात नाव नोंदवलंय. कोणत्या बाजूला आपला प्रबंध आहे ते आधी ठरवा." त्यांनी असंही सांगितलं की एका प्राण्यावरून निष्कर्ष निघत नाही, पुढच्या वर्षी निदान चाळीस आणा. शकूला त्याचं वाईट वाटलं नाही. सरांचं बरोबर होतं. तिने वही पिशवीत टाकली आणि हडपसरची बस धरली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्या अर्ध्याच्या पुढच्या टोकाला मोहरीएवढ्या कोंबांचं वर्तुळ दिसलं. ते तोंड होतं. शकूने भिंगातून बघितलं, मग मैनेने बघितलं. संध्याकाळपर्यंत ते कोंब वाळूला चाचपू लागले. चौथ्या महिन्यात त्याने पहिला घास घेतला होता. मैना उठून घरात गेली आणि तिने चहा टाकला. तिला दुसरं काय करावं ते कळलं नसावं.

ओट्यावर त्यांची आई सोजरबाई झेंडूच्या राशीपुढे बसून तोरणं ओवत होती. शकू तिला थोरली आई म्हणायची. सोजरबाई कधी रांजणापाशी आली नव्हती. त्या जनावराबद्दल तिने कधी विचारलं नव्हतं. शकू तिच्याजवळ जाऊन बसली, एक सुई घेतली आणि फुलं ओवू लागली. मैना चहा घेऊन आली आणि उंबऱ्यात थांबली. तेव्हा शकूने विचारलं की त्या दिवशी मलाच का दिलंत.

सोजरबाईचा हात थांबला नाही. तिने दोन-तीन फुलं ओवली.

"जी जागी व्हती ती गेली," ती म्हणाली.

मग हळूहळू तिने सगळं सांगितलं. कोणती द्यायची हे तिला ठरवायचं होतं. गेनबाने तिच्यावर सोडलं होतं. आठ दिवस तिला ठरवता आलं नाही. कपडे बांधायला बसली की दोघींचे झगे सारखेच, एकाच कापडाचे. एकीचे बांधले म्हणजे ठरवलं असं होणार, म्हणून तिने कुणाचेच बांधले नाहीत. दत्तोबा सकाळच्या पहिल्या बसने आले. मैना झोपली होती. शकू उठून झाडापाशी गळलेली पानं वेचत बसली होती. दत्तोबांनी तिचा हात धरला आणि ती उठून त्यांच्याबरोबर गेली. सोजरबाई दारात उभी होती. तिने हाक मारली नाही. हाक मारायची तर नाव घ्यावं लागलं असतं, आणि तेव्हाही तिचं ठरलेलं नव्हतं.

"मंग म्या आत गेले," सोजरबाई म्हणाली, "आन् हिला दुपारपातूर उठिवलं न्हाई."

शकूच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण ते दुःखाचं नव्हतं. इतकी वर्षं छातीवर ठेवलेलं काहीतरी कुणी उचलून घेतल्यासारखं तिला हलकं वाटलं. ती सोजरबाईच्या गुडघ्याला टेकून बसली. समोर पिवळा-केशरी ढीग होता, झेंडूचा उग्र वास होता, आणि त्यापलीकडे झाडाच्या फांद्या संध्याकाळच्या वाऱ्यात मजल्यामजल्याने हलत होत्या.

मैना मात्र चहाचे कप तिथेच ठेवून निघून गेली. दसऱ्याला ती शकूशी बोलली नाही. त्यानंतरही दहा-बारा दिवस शकू यायची, पाणी बघायची, वहीत लिहायची, आणि मैना दुसऱ्या टोकाला रोपांच्या पिशव्या भरत राहायची. वीज गेली की मात्र येऊन लोट्याने पाणी ओतायची, मान खाली घालून. शकूला तिचं मन कळत होतं. निवडून मागे ठेवलं असतं तर राग धरायला कुणीतरी असतं. आता राग धरायला फक्त एक झोपलेली पोर होती.

तेराव्या दिवशी मैना रांजणापाशी येऊन बसली.

"म्या जागी असते, तर मला नेलं असतं," ती म्हणाली. "मंग म्या तुझ्यावानी झाले असते?"

"झाली असतीस बहुतेक."

"आन् तू?"

"मी इथे असते. मलाही ती फांदी सरळ करता आली नसती."

थोड्या वेळाने मैना म्हणाली की ती कुंडी ती आता समोर आणून ठेवणार आहे, रस्त्याच्या बाजूला. आडव्या झाडाला आडवी जागा लागते, एवढंच. दुसऱ्या आठवड्यात संपतने आणि तिने मिळून ती ओढत पुढे आणली. कॅम्पातून येणाऱ्या एका बाईला ती फार आवडली. मैनेने विकली नाही.

दिवाळीनंतर शकूने ठरवलं की त्या जनावराला परत सोडायचं. एकावरून निष्कर्ष निघत नव्हता, आणि एकट्याला रांजणात ठेवण्यात अर्थ नव्हता. आता तो पुरता झाला होता, पहिल्यापेक्षा लहान, पण सगळं जिथल्या तिथे. मैना म्हणाली की तीही येणार. संपतला दोन दिवस आईकडे बघायला सांगून ती निघाली. कॅन तिनेच मांडीवर घेतला आणि रत्नागिरी येईपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

ओहोटी सकाळी होती. खडकांच्या बेचक्यांत पाण्याची तळी उरली होती, गुडघाभर खोल, तळापर्यंत स्वच्छ. मैनेने नऊवारीचा काष्टा वर खोचला आणि पाण्यात उतरली. पुढे सगळा समुद्र होता. तिने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि मग खालीच बघत राहिली, कारण खाली, खडकांच्या कडेने, वाळूत, काळे काळे अनेक जीव पडलेले होते. दहा, पंधरा, मोजता येत नव्हते. तिने कॅन आडवा करून पाण्यात धरला. तो जीव बाहेर आला आणि वाळूवर पडला. थोडा वेळ दोघींना तो ओळखता येत होता. मग तिने पाय हलवला, पाणी ढवळलं, आणि ते निवळलं तेव्हा त्यांतला त्यांचा कोणता ते सांगता येईना.

मैना हात पाण्यात तसाच ठेवून उभी होती. लाट आली की तिचं लुगडं फुगायचं आणि बसायचं. शकूने तिला हाक मारली नाही. ऊन वर येईपर्यंत त्या तिथे होत्या.

परत येताना एसटी कऱ्हाडच्या पुढे बंद पडली, त्यामुळे स्वारगेटला पोचायला दुसऱ्या दिवशीची सकाळ उजाडली. दोघींची अंगं आखडली होती आणि साड्यांना मिठाचा वास येत होता. फलाटावर फार माणसं नव्हती. हडपसरची बस आधी लागली. मैना चढली, खिडकीपाशी बसली आणि काच सरकवून तिने शकूला विचारलं की रविवारी येणार का. आता रांजणात काही नाही, शकूच्या तोंडून निघून गेलं.

"रांजनाचं कुनी इचारलं," मैना म्हणाली. "येताना मंडईतनं सुरण आन. आमच्याकडं धड मिळत न्हाई."

बस निघाली. शकू कोथरूडच्या थांब्याकडे चालू लागली आणि चालता चालता, मंडईत सुरण कोणत्या गाळ्यावर चांगला मिळतो, ते आठवू लागली.